पांढरा शर्ट दिसेपर्यंत

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावर पलासियाकडून गीताभवनाकडे येताना हेल्मेटे डोक्यावर चढण्याची एक ठरलेली जागा आहे. चौकाच्या अलीकडे, जिथून वाहतूक पोलिसाचा पांढरा शर्ट पहिल्यांदा नजरेस पडतो, नेमकी तीच ती जागा. तोवर ते हेल्मेट कोपरात अडकवलेले असते, पेट्रोलच्या टाकीवर पोटाशी धरलेले असते किंवा मागे बसलेल्याच्या मांडीवर जेवणाच्या डब्यासारखे ठेवलेले असते. पांढरा शर्ट दिसला की डावा हात क्लचवरून सुटतो, गाडी जराशी डुलते, हेल्मेट डोक्यावर बसते आणि त्याचा पट्टा तसाच लोंबत राहतो. खांदा आणि कान यांच्यात दाबून धरलेला मोबाइल खिशात जातो. एका गाडीवर तिघे असतील तर तिसरा अलीकडेच उतरतो, अत्यंत सभ्य पादचारी होऊन चौक ओलांडतो आणि पलीकडे थांबलेल्या गाडीवर पुन्हा स्वार होतो. मी स्वतः सुदामानगरहून महूनाक्यामार्गे मोटारसायकलनेच कामावर जात असल्यामुळे हा सगळा प्रकार मला हातभर अंतरावरून पाहायला मिळतो.

पोलीस दिसला की लोक शिस्तीत गाडी चालवू लागतात, असे आपण सहज बोलून जातो, पण मला ते पटत नाही. खरोखर शिस्त येत असती तर पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढले असते, वळण्याआधी मान वळवून मागे पाहिले गेले असते, बंद पडलेला ब्रेकचा दिवा दुरुस्त झाला असता. यांतले काहीही होत नाही. बदलते ते फक्त पोलिसाला उभ्या जागेवरून दिसू शकते तेवढेच, म्हणजे डोके, गाडीवरच्या माणसांची संख्या, हातातला फोन आणि थांब्याची पांढरी रेघ. पट्टा लावला आहे की नाही, विमा कधी संपला, पुढचा ब्रेक धरतो की नाही, आदल्या रात्रीची अजून उतरली आहे की नाही, हे वीस पावलांवरून कळत नाही आणि म्हणून त्यात सुधारणाही होत नाही. पोलिसाची नजर कुठवर पोहोचते याचा दुचाकीस्वाराने इतका बारीक अभ्यास केलेला असतो, की तेवढी मेहनत त्याने रस्त्यावरचे खड्डे ओळखण्यात घेतली असती तर त्याची कंबर शाबूत राहिली असती.

दुचाकीवाल्याला हे साधते याचे एक कारण गाडीतच आहे. चारचाकीवाल्याने फार तर पट्टा ओढावा आणि फोन खाली ठेवावा, त्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. एकदा रांगेत शिरला की तो पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही. मोटारसायकल मात्र स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत वळते, दोन बसगाड्यांच्या मधून निघते, गल्लीत शिरते, पदपथावर चढते, आणि अगदीच वेळ आली तर चालक खाली उतरून, इंजिन बंद करून, पेट्रोल संपल्याचा चेहरा करून तिला ढकलत पोलिसाच्या समोरून नेतो. हा शेवटचा प्रकार मी भँवरकुआँ चौकात इतक्या वेळा पाहिला आहे, की ढकलणाऱ्याच्या कपाळावर खरोखर घाम आहे की नाही एवढ्यावरून मला त्यातला खरा आणि खोटा ओळखता येतो. तपासणीचा तंबू मागे पडला की गाडी चमत्कार झाल्यासारखी सुरू होते.

गंमत बाजूला ठेवली तर तपासणीच्या अलीकडचा तुकडा मला त्या रस्त्यावरचा सर्वांत धोक्याचा भाग वाटतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर कापते. दोन सेकंद नजर पोलिसावर खिळली आणि एक हात हेल्मेटात गुंतला, तर 22 मीटरचे अंतर एका हाताने आणि जवळजवळ न पाहता पार केलेले असते. त्यातच पुढचा माणूस पांढरा शर्ट पाहून अचानक ब्रेक दाबतो, किंवा हँडल वळवता वळवता पुढचा ब्रेक आवळतो, आणि दुचाकी घसरण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली असली, तरी रस्त्यावर जुन्या गाड्या भरपूर आहेत आणि पावसाळ्यात झेब्राच्या ओल्या रंगावर नवी गाडीही भरवशाची राहत नाही. सर्वांत वाईट माणूस तो, जो तिथल्या तिथे गाडी फिरवून राँग साइडने परत निघतो. त्याच्या समोर येणाऱ्यांना चौकात तपासणी आहे हे ठाऊक नसते, त्यामुळे आपल्या अंगावर कोणी उलटे का येत आहे हे त्यांना कळेपर्यंत तो अगदी जवळ आलेला असतो. नियम पाळायला लावण्यासाठी उभ्या केलेल्या माणसामुळे त्याच्या अलीकडे शंभर मीटरवर नियमांचा असा चुराडा होतो, आणि तो पोलिसाला दिसतही नाही.

चौक ओलांडल्यावरचा भाग तितकाच पाहण्यासारखा आहे. पोलिसाच्या उपस्थितीचा परिणाम किती अंतरापर्यंत आणि किती वेळ टिकतो, हे वाहतुकीचे अभ्यासक अनेक देशांत मोजत आले आहेत. महामार्गावरील वेगाच्या बाबतीत हा परिणाम पोलीस दिसेनासा झाल्यावरही काही किलोमीटर टिकतो आणि मग विरतो, आणि वेगाचे कॅमेरे जिथे ठरलेल्या जागी असतात तिथे चालक अलीकडे वेग कमी करून पलीकडे तो पुन्हा वाढवतात, असे त्यांना आढळले आहे. आमच्याकडे इतके अंतर मोजायची गरज पडत नाही. गीताभवन मागे पडून शिवाजी वाटिका येईपर्यंत निम्मी हेल्मेटे पुन्हा कोपरात आलेली असतात. उकाडा हे कारण अर्थात खरे आहे, कारण मे महिन्यात इंदूरच्या दुपारी हेल्मेटच्या आत डोके शिजते हे मी नाकारणार नाही. मात्र तोच उकाडा चौकातल्या त्या तुकड्यात कसा सोसवतो, याचे उत्तर अजून मला कोणाकडून मिळालेले नाही.

माझा भाचा भँवरकुआँजवळच्या शिकवणीला जातो. त्या चौकाचे नाव आता आदिवासी क्रांतिकारक टंट्या भील यांच्या नावावर झाले आहे, पण रोज ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. एका सकाळी मी गाडी बाहेर काढत असताना त्याने मला अडवले.

"मामा, आज नवलख्यावरून जाऊ नका. चेकिंग लागलंय."

"लागू दे की. माझं हेल्मेट आहे, कागदपत्रं आहेत."

"तसं नाही हो, उगाच पाच मिनिटं जातात. आतून निघा."

त्याच्याकडे सगळे कागद मोबाइलमध्ये होते, लायसन्सही होते, चुकवण्यासारखे काहीही नव्हते, तरी तो रस्ता बदलत होता. मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्या चौकात चेकिंग आहे याच्या बातम्या सकाळपासून फिरत असतात, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाइतकीच त्यांची पोलिसांच्या वेळापत्रकावर पकड असते. साडेदहाच्या सुमारास कुठे, महिनाअखेरीस कुठे, भर उन्हात कुठल्या झाडाच्या सावलीत, हे त्यांना तोंडपाठ आहे. निघताना त्याचा पट्टा लोंबताना दिसला म्हणून मी हटकले, तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "पट्टा कोण बघतंय मामा?" मला त्याचा राग आला नाही. परीक्षेला जे येत नाही ते मुले वाचत नाहीत, आणि पट्टा आमच्या रस्त्यावरच्या परीक्षेला कधी येतच नाही.

समोरून येणारे अनोळखी लोकही या कामात हात देतात. कोणी डोक्यावर टपली मारल्याची खूण करतो, कोणी डिपर मारतो. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप पेटलेला असतो, त्यामुळे नुसत्या पेटलेल्या दिव्याला आता अर्थ उरलेला नाही, तो दोनदा लुकलुकवावा लागतो. रुग्णवाहिकेला वाट देताना ज्यांचा जीव वर येतो, तेच लोक एका परक्या माणसाचे चालान वाचावे म्हणून इतकी तत्परता का दाखवतात, याचे मला आजही नवल वाटते.

दंड वाढवा म्हणजे सगळे सरळ होतील, असे म्हणणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने तेही करून पाहिले. 1 सप्टेंबर 2019 पासून विनाहेल्मेट दुचाकीला 1000 रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद कलम 194 ड मध्ये आली. तडजोडीने जागेवर भरायची रक्कम ठरवणे राज्यांच्या हाती असते आणि मध्य प्रदेशाने ती याहून कमी ठेवली, पण मुद्दा त्या रकमेचा नाहीच. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होईलच याची खात्री किती आहे, यावर माणसाचे वागणे अवलंबून असते, हे इटालियन विचारवंत सेझारे बेक्कारिया याने 1764 सालीच सांगून ठेवले आहे. ज्याला पोलिसाची जागा आणि वेळ ठाऊक आहे, त्याच्यासाठी पकडले जाण्याची शक्यता शून्य असते, आणि शून्याला हजाराने गुणा की दहा हजाराने, उत्तर बदलत नाही.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर 1982 पासून कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेळी, कुठल्याही चालकाला थांबवून श्वासाची चाचणी घेण्याची पद्धत सुरू झाली. चालक झिंगलेला दिसलाच पाहिजे अशी अट तिथे नव्हती, आणि चौकशीसाठी ठरलेली जागाही नव्हती. दारू पिऊन होणाऱ्या मृत्यूंत त्यानंतर मोठी घट झाली, कारण कुठला रस्ता सुरक्षित आहे हे सांगणे कोणालाच शक्य उरले नाही. माझ्या भाच्याच्या ग्रुपला तिथे काही काम राहिले नसते.

इंदुरात 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल द्यायचे नाही, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, तेव्हा हाच खेळ एका वेगळ्या पटावर पाहायला मिळाला. पोलिसाची नजर चौकातून उचलून पंपाच्या नळीपाशी आणून ठेवलेली होती. ताबडतोब लोकांनी तेवढ्यापुरते हेल्मेट मिळवण्याच्या वाटा शोधल्या. रांगेत मागच्याचे हेल्मेट मागून घ्यायचे, पेट्रोल भरून झाले की परत करायचे आणि ते पुढे तिसऱ्याच्या डोक्यावर जायचे, असे एकच हेल्मेट रांगभर फिरताना मी पाहिले आहे. एका दूधवाल्याने तर कॅनचे झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेतले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक त्यावर पोट धरून हसले, पण मला तो माणूस फार प्रामाणिक वाटला. नियमाला जे पाहायचे होते ते त्याने दाखवले, एवढ्यापुरता त्याचा आणि बिनापट्ट्याच्या महागड्या हेल्मेटवाल्याचा व्यवहार सारखा होता.

कॅमेऱ्यांनी थोडा फरक पडला हे मान्य केले पाहिजे. सिग्नलला कॅमेरे आहेत अशा चौकांत रात्री रस्ता मोकळा असतानाही लोक रेघेच्या मागे थांबलेले दिसतात, आणि पूर्वी दिवसा पोलीस उभा असूनही त्यांतले काही थांबत नसत. कॅमेऱ्याची ड्यूटी संपत नाही, तो सावलीत जात नाही आणि त्याला कोणाचा काका ओळखत नाही. पण कॅमेरा मुख्यतः नंबर वाचतो हे कळायलाही लोकांना वेळ लागला नाही. मग मागची पाटी वर दुमडली गेली, एखाद्या आकड्यावर चिखल आला, तिच्यावर करोनाच्या काळातला उरलेला मास्क लटकू लागला. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तरी दुमडायला तीही इतर पत्र्यांसारखीच आहे. 2013 साली सुरू झालेल्या बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, लोखंडी कठड्यांमधली बसची मार्गिका हाही याच हिशेबाचा भाग होता. मार्गिकेच्या तोंडाशी माणूस उभा असेल तर दुचाकीस्वार शहाण्यासारखे बाहेरच्या गर्दीत राहत, नसेल तर बसच्या पुढे धावत, आणि 2025 मध्ये ती काढायला सुरुवात झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत बसमध्ये कधीही न बसलेले काही दुचाकीवाले होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

या सगळ्याला छेद देणारा एक अनुभवही इंदूरकरांच्या गाठीशी आहे. उच्च न्यायालयाच्या चौकात मूनवॉक करत वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसामुळे आमचा तो चौक देशभर ओळखीचा झाला. तिथे लोक रेघेमागे थांबत, ते चालानाच्या भीतीने नव्हे, तर पाहण्यासारखे काही समोर होते म्हणून. माझ्या मते तिथली गोष्ट निव्वळ करमणुकीची नव्हती. तो पोलीस एकेका गाडीकडे पाहून, हात करून, मान हलवून तिला थांबवत असे, आणि आपल्याकडे कोणीतरी पाहिले हे कळले की दुचाकीस्वार डोळा चुकवण्याचा उद्योग सोडून देतो. हे प्रत्येक चौकात होऊ शकत नाही, कारण चार दिशांनी येणारी गर्दी आणि दोन-तीन माणसे यांचा मेळ बसत नाही.

आता ज्याकडे कोणाचीच नजर जात नाही त्या जागेकडे येतो, म्हणजे मागच्या सीटकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली, त्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्याच्या नोंदीखाली 50,029 मृत्यू आहेत आणि त्यांतले 14,337 मागे बसलेल्यांचे आहेत. कायद्याच्या कलम 129 मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही. पगडीधारी शीख सोडले तर चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगितले आहे, त्याहून लहान मुलांसाठी वेगळे नियम आहेत. पण रविवारी संध्याकाळी राजवाड्याकडे निघालेली कुटुंबे पाहिली, तर चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असते, मध्ये मूल असते आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या वहिनींचा एक हात मुलाला आणि दुसरा पदराला धरून असतो. चौक जवळ येतो तेव्हा यांतला फक्त एकच माणूस सावध होतो. मागचे दोघे काहीही बदलत नाहीत, कारण त्यांना आजवर कोणी थांबवलेलेच नसते.

व्हिएतनामचा अनुभव इथे अगदी लागू पडतो. तिथे 15 डिसेंबर 2007 पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे झाले आणि हेल्मेट घालणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पाहता पाहता नव्वद टक्क्यांच्या वर गेले. मुलांची डोकी मात्र मोठ्या प्रमाणात उघडीच राहिली, कारण 14 वर्षांखालच्यांना दंड करण्याची तरतूद सुरुवातीला नव्हती. त्याच गाडीवर, त्याच बापाच्या मागे, त्याच रस्त्यावर बसलेल्या दोन डोक्यांत एवढा फरक पडला तो फक्त दंडाच्या कागदावर कोणाचे नाव येते यावरून.

मागच्या महिन्यात बहिणीच्या धाकट्या मुलीसाठी हेल्मेट घ्यायचे म्हणून मी महूनाक्याकडच्या रस्त्यावर मांडून बसलेल्या एका विक्रेत्यापाशी थांबलो. त्याच्याकडे शे-दोनशे हेल्मेटे होती, त्यांत आयएस 4151 या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेली थोडी आणि कारखान्यात घालायच्या टोप्यांसारखी पातळ अशी पुष्कळ. लहान मुलांचे एकही नव्हते. ठेवत का नाही, असे विचारल्यावर तो समोरचे हेल्मेट पुसत म्हणाला, "भिया, बच्चे का चालान थोड़ी कटता है. पंप पे पेट्रोल बंद हुआ था तब भी लोग आगे वाले का ही ले जाते थे." शेवटी ते मला दुसऱ्या एका दुकानातून मागवून घ्यावे लागले, आणि ते यायला आठवडा लागला.